दहावीचा पहिला पाठ जागेवर राहू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



मी विदर्भातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. हे पत्र एका पाठापुरते आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ विषयाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. जीवाश्म, अवशेषांगे, जोडणारे दुवे, डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत, मानवाची उत्क्रांती, सगळे त्यात येते. दरवर्षी साधारण पंधरा-सोळा लाख मुले दहावीच्या परीक्षेला बसतात. हा पाठ दहावीतच आणि सगळ्यांसाठीच राहावा, एवढी माझी मागणी आहे. ती आज का करावी लागते, ते सांगते.

मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने आपल्या शाळांत टप्प्याटप्प्याने सीबीएसई पॅटर्न आणण्याचे जाहीर केले. सुरुवात पहिलीपासून. पहिलीच्या पुस्तकात उत्क्रांती नसते, त्यामुळे तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. त्या वर्षी महाराष्ट्राचा सगळा आवाज तिसऱ्या भाषेच्या प्रश्नावर लागला. तो लागायलाच हवा होता, आणि त्यामुळे सरकारने दोन शासन निर्णय मागेही घेतले. विज्ञानाच्या पुस्तकात काय राहणार आणि काय जाणार, हे मात्र कोणी विचारले नाही. पॅटर्न दहावीपर्यंत चढेल तोवर पुस्तक छापून तयार असेल आणि मग विचारण्यात अर्थ उरणार नाही.

सीबीएसईच्या शाळांत एनसीईआरटीची पुस्तके चालतात. त्यांच्या दहावीच्या विज्ञानात ‘हेरेडिटी अँड इव्होल्यूशन’ नावाचे नववे प्रकरण होते. कोविडमध्ये मुलांचे शिक्षण तुटले, म्हणून आधी ते परीक्षेपुरते बाजूला ठेवले गेले. २०२२ मध्ये अभ्यासाचा भार कमी करण्याची यादी निघाली आणि २०२३-२४ च्या छापील पुस्तकात प्रकरणाचे नाव नुसते ‘हेरेडिटी’ उरले. उत्क्रांती गेली, जीवाश्म गेले, सजीवांचे परस्परांशी असलेले नाते कसे शोधायचे तो भाग गेला, मानवाची उत्क्रांती गेली. डार्विनवरची चौकट गेली. जीवसृष्टीचा उगम सांगणारी चौकटही गेली. तीत जे. बी. एस. हाल्डेन यांचे नाव होते, ज्यांनी पुढे भारताचे नागरिकत्व घेतले आणि भुवनेश्वरमध्ये देह ठेवला. त्याच पुस्तकातून मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीचे प्रकरणही काढले गेले. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी याविरुद्ध जाहीर निवेदन काढले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून आयसरपर्यंतची माणसे त्यात होती.

सरकारकडून उत्तर आले ते असे, की उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहेच. ते खरे आहे. बारावीत तिच्यावर पूर्ण प्रकरण आहे आणि तसलेच प्रकरण मी वर्गात शिकवते. पण माझ्या वर्गापर्यंत पोचतो कोण? वाणिज्य आणि कला शाखेला गेलेली मुले पोचत नाहीत. आयटीआयला, डिप्लोमाला गेलेली पोचत नाहीत. विज्ञान शाखेत राहूनही जीवशास्त्र सोडणारी पोचत नाहीत. दहावीनंतर शाळाच सुटली अशी मुले तर नाहीतच, आणि आमच्या भागात ती थोडी नसतात. बारावीत आहे याचा अर्थ, होणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. बाकीच्यांना या ज्ञानाची गरज नाही असे त्यात गृहीत धरलेले आहे, आणि माझा खरा आक्षेप याच गृहीतावर आहे.

दहावीनंतर शेतीत उतरलेल्या मुलाला उत्क्रांती कशाला हवी, हे कापसाच्या उदाहरणाने सांगते, कारण मी ज्या भागात राहते तिथे कापूस हा घराघरातला विषय आहे.

२००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचे बीटी वाण आले. बोंडअळीने पान-बोंड खाल्ले, की त्यातल्या प्रथिनाने ती मरते. पण लाखो अळ्यांत एखादी अशी असते, की तिच्यात जन्मतःच झालेल्या बदलामुळे तिला ते विष लागत नाही. सगळ्या शेतात बीटीच असेल, तर बाकीच्या मरतात आणि अशा थोड्या उरतात. उरलेल्यांचे पतंग आपापसांत जुळतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. हे टाळण्यासाठीच बियाण्याच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे एक छोटे नॉन-बीटीचे पाकीट दिले जात असे. ते शेताच्या कडेने पेरायचे. त्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळावेत आणि होणारी पिल्ले पुन्हा बीटीला बळी पडावीत, हा त्यामागचा हिशेब. प्रतिकारक अळ्याच उरत जाणे म्हणजे नैसर्गिक निवड. तिचा वेग कमी करण्यासाठी ते पाकीट होते.

अमेरिकन बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते, म्हणून तिला शिवारात आपोआप आसरा मिळतो. गुलाबी बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते. तिच्यासाठी ते छोटे पाकीट हाच एक आसरा होता, आणि बहुतेक ठिकाणी ते पेरले गेले नाही. कित्येकदा ते धुऱ्यावर टाकून दिले गेले. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. त्या पाकिटातले बी पुष्कळदा निकृष्ट किंवा वेगळ्याच मुदतीच्या वाणाचे असे, आणि मुख्य म्हणजे ते कशासाठी आहे हे कोणी समजावून सांगितले नव्हते. ज्या ओळी अळी खाणार हे नक्की आहे, त्या मुद्दाम पेरा, असे कारणाशिवाय सांगितले तर कोण ऐकेल? त्यात फरदड घेण्याची सवय. डिसेंबरात संपायचे पीक मार्चपर्यंत उभे राहायचे आणि अळीला बारमाही घर मिळायचे. २०१० मध्ये गुजरातेत एका जनुकाच्या बीटीला दाद न देणारी गुलाबी अळी नोंदली गेली. पुढे दोन जनुकांच्या वाणांचीही तीच गत झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भात आणि मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडली आणि राज्य सरकारला मदत जाहीर करावी लागली.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी हे आसऱ्याचे पट्टे सुरुवातीची कितीतरी वर्षे नेमाने पाळले, तेव्हा तिथल्या अळीत प्रतिकार पसरला नाही. नंतर निर्बीज केलेले पतंग सोडण्याच्या मोहिमेची जोड मिळाली आणि २०१८ मध्ये त्या देशाने आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर केले. अळी तीच आणि बीटीही तेच. तिथे कडक देखरेख होती, मोठी शेते होती, संस्था होत्या, हे मान्य. तरीही ते छोटे पाकीट हातात घेतलेल्या माणसाला त्यातले तत्त्व शाळेत एकदा कळलेले असते, तर काही पाकिटे धुऱ्याऐवजी तासात पडली असती, असे मला मनापासून वाटते.

क्षयरोगाचेही तेच. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. बरे वाटायला लागले म्हणून गोळ्या मध्येच सोडणारा रुग्ण आपल्या शरीरात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची निवड करत असतो. आशाताई त्याला डोस पूर्ण करायला सांगतात. तो का पूर्ण करायचा, याचे उत्तर दहावीच्या पहिल्या पाठात आहे.

आता थोडे इतिहासाबद्दल, कारण शाळेतून उत्क्रांती नाहीशी होण्याचा अनुभव जगाने आधी घेतलेला आहे.

१९२५ साली अमेरिकेत टेनेसी राज्याने बटलर कायदा केला. बायबलमधली मानवाच्या निर्मितीची कथा नाकारून माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असे शिकवणे, हा सरकारी शाळांत गुन्हा ठरला. डेटन गावातला चोवीस वर्षांचा शिक्षक जॉन स्कोप्स याच्यावर खटला चालला. क्लॅरेन्स डॅरो आणि विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्यासारखे नामवंत समोरासमोर उभे राहिले. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला आणि दोन वर्षांनी वरच्या न्यायालयात तांत्रिक कारणावरून तो रद्दही झाला. एवढी गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्यानंतर पाठ्यपुस्तकांचे काय झाले, ते कमी सांगितले जाते, आणि मला ते खटल्याहून महत्त्वाचे वाटते. स्कोप्सच्या वर्गातले पुस्तक होते जॉर्ज विल्यम हंटर यांचे ‘सिव्हिक बायॉलॉजी’. १९२६ च्या सुधारित आवृत्तीत त्यातून उत्क्रांती हा शब्दच काढला गेला. ट्रूमन मून यांच्या पुस्तकात १९२१ मध्ये सुरुवातीलाच डार्विनचे चित्र होते. १९२६ मध्ये त्या जागी पचनसंस्थेची आकृती आली. कोणत्याही न्यायालयाने हे सांगितले नव्हते. प्रकाशकांना दक्षिणेतल्या राज्यांत पुस्तके खपवायची होती आणि वाद नको होता. पुढे तीस-पस्तीस वर्षे अमेरिकेच्या कितीतरी शाळांत मुले उत्क्रांतीचे नाव न ऐकता जीवशास्त्र शिकली. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, अमेरिका हादरली, शास्त्रज्ञांना हाताशी धरून नवी पुस्तके लिहवून घेतली गेली, तेव्हा साठच्या दशकात उत्क्रांती वर्गात परतली. आर्कान्सासमध्ये सुझन एपर्सन या जीवशास्त्राच्या शिक्षिकेसमोर अशी वेळ आली, की शाळेने दिलेले नवे पुस्तक शिकवावे तर राज्याचा कायदा मोडतो. ती न्यायालयात गेली आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

कायद्याने बंदी घातली, तर ती दिसते. शिक्षक न्यायालयात जाऊ शकतो, वर्तमानपत्रे लिहितात, निकाल लागतो. गाळलेला पाठ दिसत नाही. तो कधी होता हे मुलाला माहीत नसते आणि पालकालाही नसते. आपल्याकडेही उघड विरोध आणि गाजावाजा न करता गाळणे, हे दोन्ही प्रकार चार-पाच वर्षांच्या अंतराने घडले आहेत. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, आपल्याच राज्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत वैदिक संमेलनाच्या वेळी, डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि अभ्यासक्रमात तो बदलला पाहिजे, असे सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, हे त्यांचे कारण. काही दिवसांत देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचा स्पष्ट प्रतिवाद केला. तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या सहकाऱ्याला असे बोलू नका म्हणून सांगितले. विषय संपला, पुस्तक जसे होते तसे राहिले. २०२२ मध्ये कोणी भाषण केले नाही. भार कमी करायचा आहे, एवढेच कारण दिले गेले, आणि पाठ गेला. देशभर त्याची चर्चा व्हायला वर्ष उलटले.

एनसीईआरटीच्या मनात धर्मकारण होते, असा आरोप मी करत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. परिणाम मात्र हेतूवर अवलंबून नसतो.

काही लोक दोन्ही बाजू शिकवाव्यात असे म्हणतात. अमेरिकेत हा मार्गही चालून झालेला आहे. लुइझियाना राज्याने उत्क्रांती शिकवली तर सृष्टिनिर्मितीलाही तेवढाच वेळ द्या, असा कायदा केला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या खटल्यात ७२ नोबेल विजेत्यांनी कायद्याविरुद्ध निवेदन दिले होते. मग तीच गोष्ट ‘बुद्धिमान रचना’ या नव्या नावाने आली. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने २००४ मध्ये नववीच्या वर्गात तसे निवेदन वाचून दाखवायला सांगितले. विज्ञानाच्या शिक्षकांनी नकार दिला आणि अकरा पालक न्यायालयात गेले. मंडळाने सुचवलेल्या ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ या पुस्तकाचे जुने खर्डे न्यायालयात काढले गेले. १९८७ च्या निकालानंतर त्यात ‘सृष्टिनिर्मितिवादी’ या शब्दाच्या जागी ‘रचनेचे समर्थक’ असा शब्द भरलेला सापडला, आणि एका ठिकाणी तर घाईत दोन्ही शब्द एकमेकांत अडकून राहिले होते. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला, की हे विज्ञान नाही. जोन्स रिपब्लिकन पक्षाचे, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमलेले. गावच्या शाळेला दहा लाख डॉलरचा खर्च सोसावा लागला.

आपल्याकडे दोन्ही बाजू म्हटल्या, तर दुसरी बाजू कोणाची धरायची? ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात सृष्टी कशी झाली याबद्दल शेवटी शंकाच ठेवलेली आहे. जैन परंपरेत जगाचा कोणी निर्माता नाही, जग अनादि आहे. बायबलची कथा वेगळी, कुराणातली वेगळी. गोंडांची, वारल्यांची आपापली आहे. चार्वाकांचे म्हणणे आणखी निराळे. दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह या क्रमाने उत्क्रांतीच सांगितली आहे असे सुचवणारेही भेटतात. माझे सांगणे एवढेच, की दशावतार भक्तीच्या जागी थोर आहेत आणि त्यांना जीवाश्मांच्या पुराव्याची गरज नाही. या सगळ्या कथा मुलांना भाषेच्या, संस्कृतीच्या तासाला जरूर कळाव्यात. विज्ञानाच्या तासाला जे तपासता येते ते शिकवायचे. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, हे आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदात लिहिलेलेच आहे.

उत्क्रांती शिकल्याने श्रद्धा जाते ही भीती पालकांच्या मनात असते. डोव्हर खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने पहिले साक्षीदार होते केनेथ मिलर. ते धर्म पाळणारे कॅथलिक. डोव्हरच्या मुलांच्या हातातले जीवशास्त्राचे पुस्तक त्यांनीच सहलेखकाबरोबर लिहिलेले होते. विसाव्या शतकातले मोठे उत्क्रांतिशास्त्रज्ञ थिओडोसियस डोब्झान्स्कीही श्रद्धावान ख्रिस्ती होते. माझ्या ओळखीत आषाढीला पायी पंढरपूरला जाणारे आणि जूनमध्ये हाच पाठ मनापासून शिकवणारे शिक्षक आहेत. त्यांना कधी अडचण आलेली मी पाहिली नाही.

मुलांचे वय लहान आहे, त्यांना हे झेपणार नाही, असेही कारण दिले जाते. २०१७ मध्ये तुर्कस्तानने शालेय अभ्यासक्रमातून उत्क्रांती काढताना हेच सांगितले. इंग्लंडमध्ये २०१४ पासून सहावीच्या, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना उत्क्रांती आणि आनुवंशिकता शिकवली जाते. आपली पंधरा वर्षांची मुले त्यांच्यापेक्षा कमी समजाची नाहीत.

उत्क्रांतीच्या नावाने वाईट गोष्टीही शिकवल्या गेल्या, हे मुलांपासून लपवू नये. स्कोप्सच्या वर्गातल्या त्याच हंटरच्या पुस्तकात मानवाचे पाच वंश सांगून गोऱ्यांना सर्वांत वर बसवले होते. त्यावर उत्तर देण्यासाठी आपल्याकडे इरावती कर्वे आहेत. विसाच्या दशकाच्या अखेरीला त्या बर्लिनला ऑयगेन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाकडे संशोधनाला गेल्या. कवटीच्या रचनेवरून युरोपीयांचे श्रेष्ठत्व दिसते, या कल्पनेची त्यांनी प्रत्यक्ष मोजमापे घेऊन तपासणी केली आणि असा काही फरक दिसत नाही, हे गुरूच्या मताविरुद्ध प्रबंधात लिहिले. जातीवरून, रंगावरून माणसे उंच-नीच ठरवणाऱ्या समाजात सगळ्या माणसांचे पूर्वज एक आहेत हे शिकवणारा पाठ किती मोलाचा आहे, हे आपल्याला मी वेगळे सांगायला नको.

नुसता पाठ ठेवूनही माझे समाधान होणार नाही. तो आज जसा शिकवला जातो त्यात मुले ‘अवशेषांगे म्हणजे काय, दोन उदाहरणे लिहा’ एवढे पाठ करतात. जोडणारे दुवे म्हणून पाठ केलेले पेरीपॅटस आणि डकबिल प्लॅटिपस त्यांनी आयुष्यात पाहिलेले नसतात. महाराष्ट्राच्या मातीत एवढी साधने पडलेली असताना हे का व्हावे? चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे डायनासोरच्या विष्ठेचे दगड झालेले तुकडे मिळतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तुकड्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष शोधले आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केले. गवत डायनासोरच्या नंतर आले, हा तोवरचा समज चंद्रपूरच्या मातीने बदलला. भाताच्या कुळाशी नाते असलेले गवतही त्यात निघाले. चंद्रपूरच्याच किती मुलांना हे माहीत आहे? मुंबईत वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळाच्या खडकात बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. डायनासोर हे नाव देणारे हेच ओवेन, आणि पुढे डार्विनचे कडवे विरोधकही हेच. वरळी सी-फेसला फिरायला जाणाऱ्या मुलाला पायाखालच्या कोट्यवधी वर्षांची गोष्ट सांगायला दुसरी कोणती जागा हवी?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेला सरडा आहे. २०१६ मध्ये अभ्यासकांनी अशा सरड्यांच्या एका गटाला ‘सरडा’ हेच शास्त्रीय प्रजातिनाम दिले. त्यातल्या एका जातीचे नाव ‘सरडा सुपर्बा’, दुसरीचे ‘सरडा डार्विनी’. चाळकेवाडीला पवनचक्क्या आल्यावर शिकारी पक्षी कमी झाले, सरडे वाढले, ते कमी घाबरू लागले आणि त्यांच्या पंख्याचे रंग फिके दिसू लागले, असे २०१८ च्या एका अभ्यासात आढळले. रंग फिका होणे हा त्या-त्या सरड्याच्या पोषणाचा परिणाम, की पिढ्यान्‌पिढ्या निवड होऊन आलेला बदल, आणि ते ओळखायचे कसे? एवढा एक प्रश्न दहावीच्या वर्गात टाकला, तर तासभर मुले भांडतील आणि तो पाठ त्यांना जन्मभर आठवेल.

भार कमी करायला माझा विरोध नाही. दहावीच्या पुस्तकात कमी करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते काय, हे वर्गात शिकवणारे शिक्षक एका बैठकीत सांगतील. उत्क्रांती काढली, तर मात्र जीवशास्त्रात फक्त नावे आणि व्याख्या उरतात. मेंडेलच्या वाटाण्यांचे गुणोत्तर पाठ करायचे, पण वाटाण्याच्या इतक्या जाती का, याचे उत्तर मिळायचे नाही. त्याने भार वाढेलच.

एनसीईआरटीची पुस्तके नव्या राष्ट्रीय आराखड्यानुसार बदलत आहेत. त्यांच्या दहावीत उत्क्रांतीला जागा मिळाली, तर मला आनंदच होईल. पण आपल्या मुलांचा पाठ दिल्लीच्या यादीवर सोडू नका. बालभारती ही आपली संस्था आहे, महाराष्ट्राने ती १९६७ मध्ये उभी केली ती आपली पुस्तके आपण लिहावीत म्हणून. सीबीएसई पॅटर्न दहावीपर्यंत येईल तेव्हा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ सर्व विद्यार्थ्यांसाठी दहावीतच राहील, असे आपण लेखी जाहीर करावे. विज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकातून एखादा घटक काढायचा असेल, तर तो कोणता, का आणि कोणाच्या शिफारशीवरून, हे छपाईआधी लोकांसमोर ठेवावे आणि शिक्षकांना त्यावर बोलायला मुदत द्यावी. पाठात पिसदुरा, वरळी, चाळकेवाडी आणि बोंडअळी यांना जागा द्यावी, आणि तो शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची सोय करावी. यातल्या कशालाही मोठा खर्च लागत नाही.

विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात आपण याचे उत्तर द्यावे, अशी माझी आणि माझ्याबरोबर हा विषय शिकवणाऱ्या अनेकांची विनंती आहे.

आपली विश्वासू,
विदर्भातील एक जीवशास्त्र शिक्षिका